कॅमेऱ्याची बॅग घेताना रनर आणि टाके बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराईच्या तोंडावर आपल्या पुरवणीत कॅमेरा-खरेदीवर पानभर मजकूर आला. बॉडी, लेन्स, फ्लॅश, मेमरी कार्ड, सगळ्यांची चर्चा व्यवस्थित झाली आहे. बॅगेच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आले: ‘चांगली वॉटरप्रूफ बॅग घ्यावी.’ लाखांचे सामान जिच्या पट्ट्याला लोंबकळते तिची बोळवण एका वाक्यात व्हावी, आणि ते वाक्यही दिशाभूल करणारे असावे, म्हणून हे पत्र. आम्हा दोघांपैकी एक जण लग्ने आणि जत्रा टिपतो, दुसरा बॅगा दुरुस्त करतो. बॅग कुठे फाटते आणि का फाटते, हे दोन्ही बाजूंनी माहीत असल्यामुळे पत्र थोडे लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

रोजच्या वापरातली बॅग कापडामुळे क्वचितच निकामी होते. आधी चेनचा रनर जातो, मग पट्ट्याचा सांधा उसवतो, त्यानंतर आतले वेल्क्रो धरेनासे होते. कापड शेवटपर्यंत धडधाकट असते. दुकानात मात्र गिऱ्हाईक कापड चोळून बघते, कप्पे मोजते आणि पैसे देऊन मोकळे होते.

आधी त्या ‘वॉटरप्रूफ’चे बघू. बॅगेच्या नायलॉन किंवा पॉलिस्टर कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. कापड तेवढ्यापुरते पाणी अडवते. पण शिवताना प्रत्येक टाक्याला सुईचे भोक पडते आणि चेनच्या दातांमधून तर पाणी सरळ आत येते. चेनवर रबरासारखा लेप असला तरी ती शिंतोडे परतवते, आषाढातली सर नाही. शिवणीऐवजी सांधे वितळवून चिकटवलेल्या, तोंड गुंडाळून बंद करायच्या बॅगा खरोखर पाणी आत येऊ देत नाहीत. पण मंगलाष्टकांच्या शेवटच्या कडव्याला लेन्स बदलायची असेल तेव्हा असली बॅग उलगडत बसणे परवडत नाही. तेव्हा रोजच्या बॅगेत शोधायचे ते वेगळे रेनकव्हर. ते बॅगेला कायमचे शिवलेले नसावे, सुटे निघावे. ओले कव्हर तळाच्या खिशात कोंबून दोन दिवस तसेच राहिले, की वास आणि बुरशी तिथूनच सुरू होते. शिवाय कव्हरच्या खालच्या टोकाला पाणी निघून जायला छोटे भोक हवे. पाठीवरून ओघळणारे पाणी कव्हरच्या झोळीत साठते आणि बॅग खालून भिजते, हे आळंदी ते पंढरपूर वाटेवर कुठल्याही पावसाळी मुक्कामाला बघायला मिळेल.

त्या आतल्या थराचे आणखी एक दुखणे आहे. दमट हवेत पॉलियुरेथेन हळूहळू विघटित होते. काही वर्षांनी अस्तराच्या आतली बाजू चिकट लागते, पांढरट पापुद्रे सुटतात, आंबूस वास येतो आणि ते कण लेन्सच्या मागच्या काचेवर जाऊन बसतात. कोकणात आणि मुंबईत हे लवकर होते. जुनी बॅग स्वस्तात मिळत असेल तर बाकी काही बघण्याआधी आतल्या कोपऱ्यात नाक घालून वास घ्या आणि बोट फिरवा. बोट चिकटले तर सौदा सोडून द्या, कारण शिवलेल्या बॅगेत हा थर पुन्हा धड देता येत नाही.

कापडावर फार वेळ घालवायला नको. लेबलवरचा ‘डी’ म्हणजे डेनियर, म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. ६००-डी पॉलिस्टर हे शाळेच्या दप्तराचे कापड. हलक्या किटला चालते. १०००-डी कॉर्ड्युरा नायलॉन घासणीला चांगले टिकते. १६८०-डी आकडा भारदस्त दिसतो, पण त्या आकड्याचे पॉलिस्टरही ‘बॅलिस्टिक’ म्हणून विकले जाते, आणि घासणीत नायलॉन पॉलिस्टरपेक्षा सरस असते. उन्हात मात्र पॉलिस्टर जास्त टिकते. आकड्याबरोबर धागा कशाचा आहे ते विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. जाड सुती कॅनव्हासही उत्तम. फिलाडेल्फियाच्या ‘इन्क्वायरर’ या दैनिकातले छायाचित्रकार जिम डोमके यांनी १९७०च्या दशकात स्वतःच्या कामासाठी साध्या कॅनव्हासची बॅग बनवली. तो नमुना आजही विकला जातो. त्यातली खरी हुशारी कापडात नाही, पट्ट्यात आहे. त्याकडे पुढे येतो.

आता चेन. रनरच्या पाठीवर बहुधा आकडा असतो: ५, ८ किंवा १०. चेन मिटल्यावर दातांची रुंदी साधारण तेवढे मिलिमीटर असते. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० हवी. बाहेरच्या खिशांना ५ चालेल. बऱ्याच देखण्या बॅगांना मुख्य कप्प्यालाच ५ नंबरची चेन लावलेली असते, आणि दुरुस्तीला येणाऱ्या बॅगांत त्यांचाच भरणा असतो. वायकेके या जपानी कंपनीची तीन इंग्रजी अक्षरे रनरवर दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. तशी अक्षरे ठोकलेले नकली रनर बाजारात ढिगाने मिळतात. अस्सल असला तरी नंबर लहान तर लहानच.

दातांचे प्रकार तीन. नायलॉनच्या वेटोळ्याची, म्हणजे कॉइलची चेन कोपऱ्यावरून सहज वळते आणि मध्येच उघडी पडली तर रनर मागे नेऊन पुन्हा आणल्यावर बहुतेक वेळा सावरते. सुट्या प्लास्टिक दातांची चेन धुळीला जास्त सोसते, पण एक दात तुटला की त्या जागी कायमची फट. धातूची चेन कॅमेऱ्याच्या बॅगेला नकोच. बॉडीला ओरखडे काढते आणि खाऱ्या हवेत गंजून जाम होते. आमची पसंती आठ किंवा दहा नंबरच्या कॉइलला.

चेन का उघडी पडते हे कळले तर बरीच बॅग वाचते. रनरला पुढे दोन तोंडे असतात, मागे एकच. त्या मागच्या तोंडात दोन्ही बाजूंचे दात एकमेकांत दाबले जातात. धूळ आणि वाळू आत घासत राहते, त्यात बॅग ठासून भरलेली असली की माणूस चेन ओढून-ताणून लावतो. मग मागचे तोंड केसभर फाकते. दात शाबूत असतात, पण नीट दाबलेच जात नाहीत. लोक म्हणतात चेन गेली. चेन गेलेली नसते, रनर गेलेला असतो. तात्पुरता इलाज म्हणजे पकडीने रनरची मागची बाजू दोन्ही कडांना सारखी, अगदी हलकी दाबायची. एकदम जोर लावला तर जस्ताच्या मिश्रधातूचा रनर काडकन तुटतो. दाबून आणलेला रनर एखादे लग्न निभावून नेतो, सीझन नाही. नवा रनर त्याच नंबरचा आणि त्याच प्रकारच्या दातांचा घ्यायचा, चेनचे एक टोक उसवून चढवायचा आणि टोक पुन्हा बंद करायचे. काम थोडक्या पैशांत होते. मात्र उघड्या पडणाऱ्या चेनवर तोच रनर महिनाभर रेटला तर वेटोळे कापडापासून सुटते आणि मग पूर्ण चेन बदलावी लागते. फोमच्या बॅगेत ते काम कटकटीचे आहे.

म्हणून दुकानात चेनचे टोक कुठे संपते ते बघा. टोक हाताला लागत असेल तर रनर बदलणे सोपे. पायपिंगच्या, म्हणजे कडेला शिवलेल्या गोटाच्या खाली, चार थरांच्या शिवणीत गाडलेले असेल तर कारागिराला अर्धी बॅग उसवावी लागेल आणि तो मजुरी त्याच हिशेबाने घेईल. चेनची परीक्षा रिकाम्या बॅगेवर करण्यात अर्थ नाही. आपले पूर्ण किट भरा, बॅग जमिनीवर ठेवा आणि एका हाताने चेन कोपऱ्यावरून फिरवा. दुसऱ्या हाताने कापड ओढून धरावे लागले तर ती चेन पहिल्या दिवसापासून ताणात आहे.

आपल्याकडे चेनचा आणखी एक शत्रू आहे. जेजुरीचा भंडारा आणि जोतिबाचा गुलाल. ही बारीक पूड रनरच्या आत, वेल्क्रोच्या आकड्यांत आणि शिवणींच्या घड्यांत शिरून बसते. घरी आल्यावर लगेच ओले फडके मारण्याची चूक बहुतेक जण करतात. ओली झाली की पूड लगद्यासारखी बसते आणि डागही पक्का होतो. आधी बॅग पूर्ण रिकामी करून उलटी झटका. मग कोरड्या मऊ ब्रशने चेनच्या दोन्ही अंगांनी झाडा. जुना दात घासायचा ब्रश पुरतो. रबरी फुग्याने रनरमध्ये हवा मारा. ओले फडके सगळ्यात शेवटी, तेही नुसत्या पाण्याचे. हळदीवर साबण लावला की डाग लालभडक होतो, कारण हळद साबणातल्या अल्कलीच्या संगतीत रंग बदलते. घाबरून आणखी साबण चोळू नका, भरपूर पाण्याने धुवा. साबण गेला की पिवळेपणा परत येतो. उरलेला पिवळा डाग उन्हात फिका पडतो. मात्र नायलॉन दिवसेंदिवस उन्हात टाकू नका, तेही उन्हाने कमजोर होते. एखाद-दोन तास पुरेत. वॉशिंग मशीनमध्ये कॅमेऱ्याची बॅग घालू नये, हे वेगळे सांगायला नको.

पट्ट्याकडे येऊ. आधी वजनाचा हिशेब करा. सोनी किंवा कॅननच्या मधल्या फुलफ्रेम बॉडी बॅटरीसह सुमारे साडेसहाशे-सातशे ग्रॅमच्या. दोन बॉडी, एक चोवीस-सत्तर आणि एक सत्तर-दोनशे मिलिमीटरची झूम लेन्स, एक पस्तीसची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, दोन फ्लॅश, चार जादा बॅटऱ्या: नव्या हलक्या लेन्स धरल्या तरी पाच किलोच्या आसपास. जुन्या डीएसएलआरच्या सत्तर-दोनशे एकट्याच दीड किलोच्या असतात. रिकामी बॅग दीड-दोन किलोची. म्हणजे सात किलो, आणि तेही स्थिर नाही. दुचाकीवर खड्डा आला की त्या वजनाचा हिसका त्याच्या कितीतरी पट होऊन सांध्यावर बसतो. फाटते ते अशा हजारो हिसक्यांनी.

पट्टा बॅगेला कुठे धरला आहे ते बघायची रीत अशी. बॅग भरून ठेवा, पट्टा जोरात वर ओढा आणि मुळाशी निरखून बघा. कापड चिमटल्यासारखे वर येत असेल, टाक्यांची भोके लांबट होताना दिसत असतील, तर पट्टा नुसता बाजूच्या शिवणीत खोचून एका ओळीने शिवलेला आहे. चांगल्या बॅगेत पट्टी कापडावर चार-पाच सेंटिमीटर खाली उतरते, तिथे चौकोनात फुलीची शिवण असते आणि टोकांना बारटॅक, म्हणजे जवळजवळ घातलेले आडवे टाके. त्याहून उत्तम रचना डोमकेच्या बॅगेची. तिथे पट्टी एका बाजूने उतरून तळाखालून दुसऱ्या बाजूला वर जाते. वजन पट्टीवर पडते, कापडावर नाही. एवढी एक गोष्ट कुठल्याही बॅगेत सापडली तर बाकी दोनचार उणिवा चालवून घ्याव्यात असे आमचे मत आहे.

पट्टी ३८ किंवा ५० मिलिमीटर रुंद असावी. नायलॉनची पट्टी मऊ आणि घट्ट विणीची असते. पॉलिप्रॉपिलिनची स्वस्त पट्टी खांद्यावरून घसरते, कडा लवकर पिंजारतात आणि उन्हाने ठिसूळ होते. ओळखायचे असेल तर टोकाचा लहान तुकडा पाण्यात टाका. पॉलिप्रॉपिलिन तरंगते, नायलॉन बुडते. बकल पिळून बघा. चांगले बकल थोडे वाकून परत जागेवर येते आणि लागताना स्पष्ट ‘टक’ वाजते. फिरकीच्या धातूच्या हूकवर आमचा विश्वास कमीच आहे. सोनेरी किंवा काळ्या मुलाम्याखाली बहुधा ओतीव जस्त असते. ते वाकत नाही, सरळ तुटते, आणि तुटते ते फिरकीच्या बारीक खुंटीपाशी. त्याआधी खुंटीला हलक्याशा हेलकाव्याची सवय लागलेली असते. हूक धरून हलवून बघा. डगडगत असेल तर बदला. शक्य असेल तर हूकच नसलेली, थेट शिवलेल्या पट्ट्याची बॅग घ्या.

उसवलेला सांधा शिवून घेताना कारागिराला दोन गोष्टी सांगा. दोरा सुती नको, जाड नायलॉनचा हवा. सुती दोरा दोन पावसाळ्यांत कुजतो. आणि टाके फार जवळ नकोत. इंचात सात-आठ पुरेत. घट्ट व्हावे म्हणून गिचमिड टाके घातले तर पट्टीला तिकिटासारखी भोकांची रांग पडते आणि ती तिथूनच फाटते. उसवलेल्या जागी आतून पट्टीचा एक तुकडा अस्तराला ठेवून मग शिवले तर काम पक्के होते.

आतल्या मापात बहुतेक जण फसतात. खोक्यावर छापलेले माप बाहेरचे असते. दोन्ही बाजूंचा फोम वजा केला की तीन ते पाच सेंटिमीटर जातात. त्यात एकाच पल्ल्याच्या लेन्सची लांबी सारखी नसते. निकॉनच्या झेड माउंटची २.८ वाली सत्तर-दोनशे २२ सेंटिमीटर, सोनीची दुसऱ्या आवृत्तीची २० आणि कॅननच्या आरएफ माउंटची मिटल्यावर साडेचौदाच. कॅननवाल्या मित्राच्या बॅगेत मावते म्हणून निकॉनवाल्याने तीच बॅग घेतली की झाकण लागत नाही आणि चेनवर ताण येतो. पुढे काय होते ते वर लिहिलेच आहे. दुकानात आपले सामान घेऊन जा. हूड उलटा लावून, टोप्या लावून, लेन्स उभी ठेवा. वर बोटभर जागा उरली पाहिजे.

फोम अंगठ्याने दाबा. बंद पेशींचा फोम घट्ट लागतो, लगेच परततो आणि पाणी पीत नाही. स्पंजसारखा फोम आधी छान वाटतो. वर्षभरात चेपतो आणि पाणी शोषून धरतो. तळाला किमान एक सेंटिमीटर बंद पेशींचा फोम असावा. बॅग टेबलावर ठेवून आतून मूठ दाबा. टेबल हाडाला लागले तर तळ पातळ आहे. कारागिराकडून एक सेंटिमीटरचा ईव्हीए फोमचा तुकडा कापून तळाशी घालता येतो, त्यासाठी चांगली बॅग नाकारू नका. आत कप्पे पाडणाऱ्या पडद्यांचे वेल्क्रो सैल झाले असेल तर आधी आकड्यांच्या बाजूत अडकलेला पिंजार टाचणीने काढा. तरीही धरत नसेल तर दोष मऊ बाजूचा. अस्तराच्या लव पिंजून गेलेल्या असतात. अस्तर बदलण्यापेक्षा पडदा दोन बोटे सरकवून ताज्या जागी लावणे स्वस्त पडते.

खांद्याची की पाठीची, या वादात आम्ही पडत नाही. लग्नात मांडवाच्या कडेला ठेवून वरून उघडता येणारी खांद्याची बॅग सोयीची. दुचाकीवर आणि मुंबईच्या लोकलमध्ये पाठीची बरी, पण पाठीला टेकणाऱ्या बाजूने उघडणारी घ्या. गर्दीत मागून कोणी चेन उघडू शकत नाही, आणि चिखलात ठेवताना बाहेरची बाजू खाली जाते, पट्टे कोरडे राहतात. लोकलमध्ये ती पोटावर घ्यावी लागते, तेव्हा छातीपट्टी सोडायला विसरू नका. विमानाने जाणाऱ्यांनी एवढेच लक्षात ठेवावे, की देशांतर्गत प्रवासात केबिनमध्ये साधारण सात किलोच चालतात, त्यामुळे रिकाम्या बॅगेचे वजन तिथे अंगावर येते. आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकता येत नाहीत.

बॅग कितीही चांगली असली तरी पावसाळ्यात सामान तिच्यात महिनोन्महिने ठेवू नये. फोम आणि अस्तर ओल धरून ठेवतात. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सवर बुरशी धरू लागते. काम झाले की सामान चाळीस-पन्नास टक्क्यांवर ठेवलेल्या ड्राय कॅबिनेटमध्ये किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे जेल गुलाबी झाले किंवा नारिंगी हिरवे झाले की ते भरले असे समजा. साधारण ११० ते १२० अंशांवर काही तास तापवले की पुन्हा कामाला येते. बॅग मात्र पडदे काढून, सगळ्या चेन उघड्या ठेवून, पंख्याखाली उलटी टांगावी.

आजीवन वॉरंटीचे बोलणे ऐकले की वॉरंटीचा कागद मागा. ‘वापरातील झीज वगळून’ असे त्यात बहुतेक वेळा असतेच, आणि रनर, हूक, वेल्क्रो हे सगळे झिजेतच मोडते. त्याऐवजी दुकानदाराला विचारा, या बॅगेचा पट्टा, बकल आणि पडदे सुटे मिळतात का. मिळत असतील तर पाच-सातशे रुपये जास्त गेले तरी हरकत नाही.

आपल्याला विनंती एवढीच. पुढच्या पुरवणीत बॅगांचा तक्ता दिलात तर किमतीच्या शेजारी चार रकाने वाढवा: मुख्य चेनचा नंबर, आतली खोली सेंटिमीटरमध्ये, रिकामे वजन, आणि पट्टा तळाखालून जातो की शिवणीत खोचला आहे. कप्प्यांच्या संख्येचा रकाना काढून टाकलात तरी कोणाचे बिघडणार नाही.

आपले,
एक छायाचित्रकार व एक बॅग-दुरुस्ती कारागीर,
सातारा